एका मणक्यावरून मासा केवढा?

प्रश्न: पुरातत्त्वाच्या वर्गात आम्हाला चाळलेल्या मातीतली माशांची हाडं सरावासाठी दिली आहेत. बहुतेक मणकेच आहेत. त्यांवरून माशाची लांबी आणि वजन काढता येईल का? तुलनेसाठी हाडं कुठून आणायची?
– एक विद्यार्थिनी, माहीम

उत्तर: काढता येईल, पण आधी जात ओळखा आणि मणका कण्यात साधारण कुठला ते ठरवा. दुसरी गोष्ट बरेच जण सोडून देतात आणि आकडा तिथेच फसतो. बांगड्याला 31 मणके असतात आणि ते शेपटीकडे निमुळते होत जातात. शेपटीजवळचा मणका मधला समजून मोजलात, तर मोठा बांगडा कागदावर लहान होतो. मणका उजेडात धरून बघा. दोन्ही तोंडं वाटीसारखी खोलगट दिसतील. खालच्या बाजूची कमान जुळून एकच काटा निघाला असेल, तर तो शेपटीकडचा. पोटाकडच्या मणक्याला बरगड्यांच्या जागा असतात. पहिला मणका किंवा जबड्याचं हाड सापडलं तर सुरुवात त्यानेच करा. पहिला मणका माशाला एकच असतो, त्यामुळे जागेचा घोळ उरत नाही आणि एकच मासा दोनदा मोजलाही जात नाही.

तुलनेचा संग्रह मात्र स्वतः करावा लागतो. ससून डॉकवर किंवा भाऊच्या धक्क्यावर पहाटे जा आणि मावशींना आधीच सांगा, ‘अख्खा द्या, साफ करू नका.’ पोट काढलेल्या माशाचं वजन आपल्या कामाचं नाही. एका जातीचे 30-40 मासे घ्या, पण सगळे एका मापाचे नकोत; सर्वांत लहानापासून सर्वांत मोठ्यापर्यंत हवेत. प्रत्येकाचं वजन, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी आणि शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी वेगवेगळी नोंदवा. बाजारात शेपटीची टोकं झिजलेली किंवा तुटलेली असतात, म्हणून बांगड्यात खाचेपर्यंतची लांबी जास्त भरवशाची.

घोळ आणि ढोम्याच्या डोक्यातले खडे (ओटोलिथ, म्हणजे माशाच्या कानातले चुन्याचे खडे) मोठे असतात; ते शिजवण्याआधीच काढून ठेवा. मग मासा मंद आचेवर, खळखळ उकळू न देता, मांस सुटेपर्यंत ठेवा. मऊ ब्रशने साफ करा आणि सावलीत वाळवा. ब्लीच अजिबात नको, त्याने हाड भुसभुशीत होतं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाई पाण्यात पसरते.

मणक्याच्या तोंडाची रुंदी व्हर्नियर कॅलिपरने तीनदा मोजून सरासरी घ्या. ही रुंदी आणि माशाची लांबी, दोन्हींचे लॉगरिदम घेऊन आलेख काढलात की ठिपके बहुधा सरळ रेषेत येतात. ही रेषा तुमच्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या माशाच्या दरम्यानच वापरा. पलीकडे ताणलीत तर उत्तर मिळेल, पण त्याला आधार नसेल.

वजनाबाबत जास्त सावध राहा. वजन साधारण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे लांबीत 10 टक्के जास्त चूक झाली की वजन सुमारे 33 टक्के जास्त निघतं. म्हणून एकच आकडा देऊ नका, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं लिहा. पांढरं पडेपर्यंत जळलेलं हाड आक्रसलेलं असतं. ते मोजणीतून वगळा. चाळणीची जाळीही विचारून घ्या. ती 5 मिलिमीटरची असेल, तर लहान मणके खाली गळून गेलेत आणि उरलेल्यांवरून ‘इथे मोठेच मासे खात’ असा निष्कर्ष निघेल. तो निष्कर्ष जाळीचा आहे, माणसांचा नाही.

प्रश्न: डॉल्फिनच्या पोटात सापडलेल्या खड्यांवरून त्याने खाल्लेल्या माशांची लांबी काढतात. पद्धत हीच का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: हीच. फक्त जठरातल्या आम्लाने खडा झिजतो आणि मासा आहे त्याहून लहान दिसतो. कडेची नक्षी बोथट झालेले खडे मोजू नका.

प्रश्न: जुन्या वस्तीच्या थरांत बोंबलाची हाडं का दिसत नाहीत?
– एक वाचक, वर्सोवा

उत्तर: बोंबलाचं हाड मऊ, कमी चुन्याचं असतं; ते मातीत टिकत नाही. मुशीचा (लहान शार्कचा) सांगाडा कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक, त्यामुळे तिचे दात आणि मणके तेवढे उरतात. थरात बोंबलाचं हाड नाही, म्हणून तिथे बोंबील खात नव्हते असं लिहू नका.