उंचीवरचे मुक्काम कसे आखावेत

पुढच्या दोन वर्षांत किलिमांजारो, एव्हरेस्ट बेस कॅम्प आणि बोलिव्हिया करायचंय, रोज दहा किलोमीटर पळणं होतं, तर उंचीसाठी वेगळी तयारी लागेल का, असं तुम्ही विचारलंय.

लागेल, आणि ती पळण्याने होत नाही. 5,500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. श्वास वाढवून शरीर तिथे जुळवून घेतं, पण त्याला दिवस द्यावे लागतात आणि पळणाऱ्याला ते कमी लागत नाहीत. उलट दमसास चांगला असलेली माणसं भरभर चढतात आणि तीच आजारी पडतात. म्हणून खरी तयारी कागदावर होते: कोणती रात्र किती उंचीवर.

साधा हिशोब असा. 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच ठिकाणी काढायची. दिवसा कितीही वर जाऊन या, हिशोब रात्रीचा.

एव्हरेस्टच्या वाटेवर फाकडिंग 2,610 आणि नामचे बाजार 3,440 मीटर. ही उडी मोठी आहे, म्हणूनच नामचेला दोन रात्री. पुढे दिंगबोचे 4,410, तिथेही दोन. सुट्टी कमी पडली की लोक नेमके हेच दोन दिवस कापतात आणि लोबुचेला डोकं धरून बसतात. जादा दिवशी खोलीत लोळू नका. तीन-चारशे मीटर वर चढून या आणि खाली झोपा.

किलिमांजारोवर मारांगू मार्गाचा पाच दिवसांचा कार्यक्रम स्वस्त पडतो, पण मंदारा 2,720, होरोम्बो 3,720, किबो 4,720 अशा हजार-हजारच्या उड्या आहेत आणि त्याच रात्री उठून 5,895 मीटरच्या शिखराकडे निघायचं असतं. तो घेऊच नका. मचामे मार्ग सात दिवसांत किंवा लेमोशो मार्ग आठ दिवसांत करा. दोन्हींत दुपारी लावा टॉवरला सुमारे 4,600 मीटरपर्यंत जाऊन रात्री बरांकोला साधारण 3,950 वर उतरता येतं.

बोलिव्हियात चूक विमानाच्या तिकिटातच होते. ला पाझचा विमानतळ एल आल्तोला, 4,000 मीटरच्या वर आहे. आधी सुक्रेला (सुमारे 2,800) तीन-चार रात्री काढून मग ला पाझला जा.

उंचीचा त्रास टाळण्यासाठी घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दल. प्रतिबंधासाठी मोठ्यांचा नेहमीचा डोस 125 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा किंवा कोला बेचव लागतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. निघण्यापूर्वी घरीच एक-दोन दिवस घेऊन पाहा. मात्र गोळी चालू आहे म्हणून दिवस कापू नका.

डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं वाटलं तर तो उंचीचाच त्रास समजा. तिथेच थांबा, वर जाऊ नका. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल, झोपेची गोळी नको. दिवसभरात बरं वाटलं नाही तर उतरा.

दोन खुणा मात्र रोज संध्याकाळी सोबत्यांनी एकमेकांच्या तपासाव्यात. एक, जमिनीवर सरळ रेघ मानून एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत दहा पावलं चाला. तोल गेला तर मेंदूला सूज येत असल्याची शक्यता धरा. दुसरी, बसल्या जागी लागणारी धाप. छातीत पाणी साचू लागलं की आधी कोरडा खोकला येतो, मग चढणीवर माणूस अचानक मागे पडतो, आणि रात्री आडवं झाल्यावर त्रास वाढतो. ऑक्सिमीटरवर विसंबू नका. गारठलेल्या बोटावर तो चुकीचा आकडा दाखवतो. हात चोळून, ऊब आणून मग लावा.

यांतली एक जरी खूण दिसली तरी सकाळची वाट पाहायची नाही. ऑक्सिजन असेल तर लावून त्याच रात्री निदान 300, शक्यतो 1,000 मीटर खाली आणायचं. जमेल तितकं उचलून, कारण श्रमाने छातीतलं पाणी वाढतं. आजारी माणूस एकटा उतरत नाही, बरोबर वाट माहीत असलेला कुणीतरी हवाच.