झाकण वितळलं, डबा कसा काय वाचला?

प्रश्न: माझ्या मुलाने घाईघाईत आमटीचा प्लास्टिकचा डबा झाकणासकट कुकरमध्ये ठेवला आणि दोन शिट्ट्या काढल्या. झाकणाचा पार पापड झाला, डबा मात्र जसाच्या तसा. एकाच सेटमधले दोन्ही, मग असं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, आधी आमटी टाकून दिली असेल अशी आशा करतो 😄 आता दोन्ही उलटे करून तळाशी त्रिकोणातला आकडा बघा, झाकणावर बहुतेक 4 असेल आणि डब्यावर 5. 4 म्हणजे एलडीपीई, मऊ पॉलिथिन, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. कुकरमध्ये तापमान साधारण 120 अंशापर्यंत जातं, एलडीपीई 110 च्या आसपासच वितळतं आणि पॉलिप्रॉपिलीनला 160 च्या वर जावं लागतं, त्यामुळे जे झालं ते व्हायचंच होतं.

पण खरी गंमत पुढे आहे. दोन्ही नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या लांबलचक साखळ्या, फरक काय तो साखळीला फुटलेल्या फांद्यांचा. कडब्याची पेंढी कशी घट्ट बांधली जाते, ताटं सरळ असतात म्हणून, आणि बोरीच्या फांद्यांची मोळी बांधून बघा, कितीही आवळा, आत पोकळी राहतेच. साखळ्यांचंही तसंच, सरळ असल्या की शेजारी शेजारी नीट बसतात आणि स्फटिक तयार होतात, फांद्या मध्ये आल्या की तेवढा भाग स्फटिकात शिरतच नाही, विस्कटलेला राहतो. स्फटिक कमी आणि बारीक, म्हणून माल मऊ, हलका आणि लवकर वितळणारा.

एलडीपीई सापडलं 1933 मध्ये इंग्लंडात, आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत, गिब्सन आणि फॉसेट या दोघांना, तेही करायला गेले एक आणि भांड्यात पांढरं मेणासारखं काहीतरी उरलं. ते हवेच्या हजारो पट दाबाखाली बनतं आणि त्या गडबडीत साखळीचं वाढतं टोक मागे वळून आपल्याच साखळीतला हायड्रोजन ओढतं, मग फांदी फुटते, बहुतेक वेळा चार कार्बनची. 1953 मध्ये जर्मनीत कार्ल झिगलरने टायटॅनियमचा उत्प्रेरक वापरून कमी दाबात जवळपास बिनफांद्यांची साखळी बनवली, ती एचडीपीई, वितळते 130 च्या पुढे. बाजारातली ती पातळ, कुरकुर वाजणारी पिशवी याचीच. तिची एक पट्टी कापून ओढा आणि दुधाच्या पिशवीची एक ओढा (धुऊन घ्या, नाहीतर घरचे ओरडतील), दुधाची आधी मुकाट लांबत जाते, कुरकुरी एका दिशेने सरळ टर्रकन फाटते.

दुधाच्या पिशवीत एलएलडीपीई नावाचं तिसरं पॉलिथिन पण मिसळलेलं असतं, त्यात फांद्या मुद्दाम लावतात, ब्युटीन नावाचं रसायन घातलं तर दोन कार्बनची, ऑक्टीन घातलं तर सहाची. फांदीवाला भाग बाहेर राहिला की एकच साखळी दोन-तीन स्फटिकांना शिवून टाकते, म्हणून पिशवी सहज भोसकली जात नाही. म्हणजे फांदी नेहमी नडतेच असं नाही.

आता तुम्ही विचाराल की मग डब्याचं काय, पॉलिप्रॉपिलीनला तर दर दुसऱ्या कार्बनवर एक मिथाइलची, म्हणजे एकाच कार्बनची, फांदी असते, झाकणापेक्षा कितीतरी जास्त! बरोबर. पण त्या सगळ्या एकाच बाजूला, एका शिस्तीत. त्यामुळे साखळी गोल जिन्यासारखी वळत जाते, साखळीच्या दर तीन कड्यांत एक फेरा, आणि असे जिने एकमेकांना छान चिकटून बसतात. 1954 मध्ये इटलीत जुलिओ नात्ता या रसायनशास्त्रज्ञाने हे करून दाखवलं, 1963 चं नोबेल त्याला आणि झिगलरला मिळून. त्याच फांद्या वाटेल तशा डावी-उजवीकडे लागल्या तर स्फटिक होतच नाहीत, चिकट मऊ गोळा हाती येतो, जो डिंकासारखा चिकटवायच्या कामात वापरतात.

त्याचा डबा तर सोडाच, झाकणसुद्धा झालं नसतं. आणि हो, डबा वाचला म्हणून परत कुकरमध्ये ठेवू नका, स्टीलचे डबे आहेत की घरात.