आखातातल्या नव्या रिफायनऱ्या आणि माहुलचे कच्चे तेल

प्रश्न : आखाती देश आता कच्च्या तेलाचे पेट्रोल-डिझेल स्वतःच करून विकणार, असे वाचले. मग मुंबईतील माहुलच्या रिफायनऱ्यांना कच्चे तेल मिळेनासे होईल का? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : तसा धोका मला दिसत नाही, मात्र तुमच्या शंकेला आधार नक्कीच आहे. कुवेतच्या अल-झूर रिफायनरीची क्षमता दिवसाला ६ लाख १५ हजार पिंपे आहे. माहुलच्या भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या दोन्ही रिफायनऱ्या मिळून वर्षाला सुमारे २१५ लाख टन, म्हणजे दिवसाला अंदाजे ४ लाख ३० हजार पिंपे कच्चे तेल शुद्ध करू शकतात. मिना अल-अहमदी आणि मिना अब्दुल्ला या जुन्या कारखान्यांचे नूतनीकरण धरले, तर कुवेतची एकूण क्षमता १४ लाख पिंपांवर जाते आणि त्या देशाचे कच्च्या तेलाचे उत्पादन आहे जेमतेम २५ लाखांच्या आसपास. म्हणजे कुवेतपुरते तुमचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे.

इराकचे तसे नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या करबला रिफायनरीची क्षमता अवघी १ लाख ४० हजार पिंपे आहे, तर इराकची कच्च्या तेलाची निर्यात रोज ३० लाख पिंपांहून अधिक असते आणि भारत त्याचा मोठा ग्राहक आहे. शिवाय घोषणा आणि प्रत्यक्ष उत्पादन यांच्यात बरीच वर्षे जातात. अल-झूरची कंत्राटे २००९ मध्ये रद्द झाली, २०१५ मध्ये नव्याने दिली गेली आणि कारखान्यातील प्रत्येकी २ लाख ५ हजार पिंपांच्या तीन ऊर्ध्वपातन संचांपैकी (कच्चे तेल तापवून त्याचे घटक वेगळे करणारी यंत्रणा) पहिला सुरू व्हायला २०२२ चा नोव्हेंबर उजाडला. म्हणून नियोजित विस्ताराचे आकडे जपूनच वाचावेत.

खरी स्पर्धा होईल ती तयार मालाच्या बाजारात. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून रशियन डिझेलवर बंदी घातली, तेव्हापासून तेथील ग्राहक आखाताकडे आणि भारताकडेही अधिक वळले. ओमानची दुक्म रिफायनरी (२ लाख ३० हजार पिंपे) आणि लाल समुद्राकाठची सौदी अरेबियाची जझान रिफायनरी (४ लाख) याच बाजारात उतरल्या आहेत. त्याची झळ निर्यातीवर चालणाऱ्या गुजरातमधील जामनगरच्या रिफायनरीला अधिक बसेल; माहुलचा माल मुख्यतः देशातच खपतो.