भाडेकरार नाही, रोज बुडतो. मग मतदार यादीत नाव घालायचं कसं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सहा वर्षं शहरात भाड्याने राहताय, नाव कुठल्याच यादीत नाही, खोलीमालक करार करून देत नाही. दोनदा कार्यालयात गेलात, दोन खाडे झाले आणि दोन्ही वेळा ‘करार आणा’ म्हणून परत पाठवलं. एका नावासाठी हे परवडतं का?

मी शाळामास्तर, त्यामुळे बरीच वर्षं बीएलओचं, म्हणजे केंद्रावरच्या मतदार यादीची कामं बघणाऱ्या अधिकाऱ्याचं, काम गळ्यात होतं. आधी कामाचं सांगतो. करार लागतोच असं नाही. नमुना ६ ला, म्हणजे नवीन नाव नोंदवायच्या फॉर्मला, पत्त्यासाठी आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, वीज-पाणी-गॅसचं बिल यांतलं एक चालतं. एकही नसेल तर प्रत्यक्ष जागेवर येऊन खात्री करणं हे अधिकाऱ्यांचं काम आहे. हे फॉर्मवरच छापलेलं असतं, पण वाचतो कोण! विशेष सखोल पुनरीक्षण (घरोघर जाऊन यादी नव्याने तपासणं) चालू असेल तर मात्र कागदांची यादी वेगळी असते, तेव्हा आधी बीएलओला विचारा.

आमच्या भागात उड्डाणपुलाखाली एक जोडपं राहायचं. बेघर माणसाचा अर्ज आला की बीएलओने रात्री जाऊन बघायचं, माणूस खरंच तिथे झोपतो का. तेही एकाच रात्री नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. नवरा हमालीवरून यायचा होता, बाई पत्र्याच्या पेटीला टेकून बसलेली. मी बॅटरी थेट तिच्या तोंडावर मारली, त्याची अजून लाज वाटते. तिने पहिला प्रश्न केला, “उठवायला आलात का?” मतदार यादीसाठी आलोय म्हटल्यावर ती हसलीच. दुसऱ्या खेपेला दोघंही भेटली. नावं लागली, पत्त्याचा एकही कागद न घेता.

आता परवडण्याचं. गंमत बघा, मतदानाच्या दिवसाचा विचार कायद्याने केलाय. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम १३५ब म्हणतं की मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची, आणि रोजंदारीवरच्या माणसालाही त्या दिवसाचा रोज द्यायचा. मोडलं तर मालकाला दंड किती? जास्तीत जास्त ५०० रुपये. त्यामुळे नाक्यावर उभं राहणाऱ्याला हा रोज मिळताना मी तरी पाहिला नाही. आणि नाव नोंदवायला जो दिवस जातो त्याची तर अशी तरतूदच नाही. फॉर्म फुकट, खाडा तुमचा.

ऊसतोड कामगारांचं त्याहून अवघड. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता कारखान्याच्या हद्दीत आणि नाव गावच्या यादीत. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर. सैनिकाला टपाली मत आहे, ८५ च्या पुढच्या म्हाताऱ्यांना घरून मत देता येतं. स्थलांतरित मजुराला यातलं काही नाही. त्यांच्यासाठी दूरस्थ मतदान यंत्राची, म्हणजे आहे तिथूनच गावच्या मतदारसंघात मत देण्याची, कल्पना निवडणूक आयोगाने २०२२ च्या अखेरीस मांडली, पण राजकीय पक्षांचे आक्षेप आले आणि ती तिथेच राहिली. मला विचाराल तर यंत्राच्या आधी साधी गोष्ट करावी: नोंदणीचं टेबल सकाळी सात वाजता मजूर नाक्यावर लावावं.

‘गावीच नाव लावू का’ असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नको. गावात घर आहे एवढ्यावर कायदा तुम्हाला तिथला सर्वसाधारण रहिवासी धरत नाही, आणि दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. शिवाय नळाला पाणी येत नाही ते इथल्या वस्तीत. नगरसेवकाने तुम्हाला मोजायचं तर ते इथेच. (ज्यांचं नाव गावी आधीच आहे त्यांनी नमुना ६ नाही, स्थलांतरासाठी नमुना ८ भरावा.)

तिसरा खाडा करू नका. आयोगाच्या पोर्टलवर मोबाइलवरून रात्री अर्ज भरा; अडलं तर १९५० वर फोन करा. लोकसभा-विधानसभेची निवडणूक जवळ असेल तर घाई करा, कारण उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. कार्यालयात जावंच लागलं तर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि ‘होत नाही’ म्हणाले तर तोंडी ऐकून परतू नका, लेखी आदेश मागा. त्यावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. बहुतेक वेळा लेखी मागितल्याबरोबरच अर्ज आत घेतला जातो.