९ वर्षांच्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचा डायपर रात्री गळतो, रोज पहाटे अंथरूण ओलं. काय करावं?

आधी गळती कुठून होते ते बघा. मुलगा असेल तर डायपर लावताना शिश्न खालच्या दिशेला ठेवा. वर राहिलं तर लघवी कमरेतून बाहेर येते. मांडीजवळच्या झालरी आत दुमडल्या असतील तर बोट फिरवून बाहेर काढा. कुशीवर झोपणाऱ्या मुलाचा डायपर त्याच बाजूने गळतो. आत जादा पॅड घालायचं तर पाठीला प्लास्टिक नसलेलं घ्या, नाहीतर पॅड भरलं की लघवी डायपरपर्यंत पोचतच नाही. क्रीमही अगदी पातळ लावा. थर जाड झाला की डायपर नीट शोषत नाही.

अंथरूण दुहेरी घाला: वॉटरप्रूफ शीट, चादर, पुन्हा शीट, चादर. रात्री वरची जोडी ओढून काढली की खाली कोरडं तयार. मुलाला फक्त कुशीवर वळवायचं, उचलायचं नाही. (पाठ वाचते!)

दिवसभराचं पाणी तोडू नका, झोपेआधीच्या तासाभरात कमी द्या. बद्धकोष्ठ हमखास तपासा, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. आणि कोरडं राहणारं मूल अचानक भिजवू लागलं, ताप आला किंवा तहान फार वाढली, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.