वाचकांचे प्रश्न : फ्रीमेसन लॉजचे सभासद व्हावे का?

प्रश्न : मी ठाण्यात राहतो, वय 46, खासगी कंपनीत नोकरी. कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी मुंबईतील एका फ्रीमेसन लॉजचे सभासद आहेत. तेथे सर्व धर्मांचे लोक असून दानधर्मही पुष्कळ चालतो, असे सांगून त्यांनी मला सभासद होण्याविषयी विचारले आहे. मी रोज देवपूजा करणारा माणूस आहे. घरच्यांना मात्र या गुप्त मंडळींचा धर्म कोणता, अशी शंका येते. काय करावे?

उत्तर : आपल्या घरच्यांची शंका जुनी आहे, उत्तर हिंदुस्थानात तर लॉजच्या इमारतीला लोक सरळ 'जादूघर' म्हणत. प्रत्यक्षात फ्रीमेसनरी हा धर्म नव्हे; तो ठरलेले विधी पाळणारा, एकमेकांना बंधू मानणाऱ्यांचा जुना संघ आहे आणि त्याच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात. ईश्वरावर श्रद्धा असणे ही प्रवेशाची अट आहे, पण तो कोणत्या नावाने पुजावा याची चौकशी होत नाही आणि लॉजमध्ये धर्म व राजकारण यांवर वाद घालण्यास मनाई असते. शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर घेतली जाते. आपल्यापुढे भगवद्गीता असेल, पारशी सभासदापुढे अवेस्ता. देवपूजा आपल्या आड येणार नाही. नास्तिक असता, तर प्रवेश मिळाला नसता.

आपले सहकारी ज्या सर्वधर्मीयतेविषयी सांगतात ती मात्र आपोआप आलेली नाही. मुंबईतील माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना येथील युरोपीय लॉजने दारातूनच परत पाठवले, तेव्हा त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. आणि पुढे 1843 मध्ये मुंबईतील स्कॉटिश मेसन डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने हिंदी लोकांसाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज मुंबईत निघाले. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांचा अर्ज 1863 चा, प्रवेश 1872 चा. अनेक देव मानणारा हिंदू 'एका ईश्वराची' अट पुरी कशी करणार, हा आक्षेप मिटायला इतकी वर्षे लागली. बंधुभावाची शपथ घेणाऱ्यांनीच हे करावे, याची गंमत वाटते. 1961 मध्ये ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाल्यापासून येथील बहुतेक लॉजेस तिच्या अधिपत्याखाली आहेत.

दानधर्माविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्याला खरी ओढ त्याचीच दिसते. विधीची पुस्तके केव्हाच छापली गेली असल्यामुळे हे सांगण्यास हरकत नाही : पहिल्या दीक्षेच्या वेळी उमेदवाराजवळचे पैसे व धातूच्या वस्तू आधी काढून घेतात आणि नंतर भर सभेत त्याच्याकडेच दान मागतात. बिचारा खिसे चाचपतो, देण्यासारखे काहीच नाही असे कबूल करतो आणि मग त्याला सांगितले जाते की पुढे कधी असाच रिकाम्या हाताचा बंधू भेटला, तर हा क्षण आठवावा. मात्र दान स्वतःला व आपल्या माणसांना झळ न लागेल इतकेच करावे, असेही बजावले जाते. कोइंबतूरचे मेसॉनिक बालरुग्णालय अशाच वृत्तीतून उभे राहिले आहे. तरीही माझे मत असे, की केवळ समाजसेवाच करायची असेल, तर रोटरी किंवा ठाण्यातील एखादी चांगली संस्था अधिक सरळ मार्ग आहे. लॉजमधला बराच वेळ विधी पाठ करण्यात, सभांत आणि त्यानंतरच्या भोजनात जातो; तो सोहळा ज्याला आवडतो, त्यालाच तेथे रमता येते.

प्रवेशासाठी प्रस्तावक व अनुमोदक लागतात आणि पांढऱ्या-काळ्या गोळ्यांनी गुप्त मतदान होते. आपण आर्थिक लाभाच्या हेतूने आलेलो नाही, असे उमेदवाराला जाहीर करावे लागते. होकार देण्यापूर्वी प्रवेश शुल्क, वार्षिक वर्गणी, सभांचे वार आणि गेल्या वर्षी लॉजने दान कोणाला, किती दिले, हे सहकाऱ्यांना स्पष्ट विचारा. पत्नीची संमतीही हवीच. पैसे घेऊन सभासदत्व व श्रीमंती देऊ करणारे संदेश मोबाइलवर येतात, ते निव्वळ फसवणुकीचे असतात.

प्रश्न : स्त्रियांना प्रवेश असतो का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या लॉजेसमध्ये नाही. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी सह-मेसनरी फ्रान्समध्ये 1893 मध्ये सुरू झाली. ॲनी बेझंट 1902 मध्ये तिच्यात सामील झाल्या आणि त्यांच्यामुळे ती भारतातही आली. ग्रँड लॉजची तिला मान्यता नाही, म्हणून अर्ज करण्यापूर्वी समोरचे लॉज कोणत्या परंपरेतले, हे विचारून घ्यावे.