कोपरातली नस मोकळी केली, तरी करंगळी बधिर का?

कोपरात दाबली गेलेली करंगळीकडची नस (अल्नर नर्व्ह) मोकळी करण्याच्या ऑपरेशनला आठ महिने झाले, रात्रीच्या मुंग्या थांबल्या, पण करंगळी बधिर आहे आणि स्नायू झिजून अंगठा-तर्जनीमध्ये पडलेला खड्डा भरत नाही. मग ऑपरेशन फसलं का? आठव्या महिन्यात हा निकाल लावू नका.

दाब सुटला की नसेचा रक्तपुरवठा सुधारतो, म्हणून मुंग्या काही दिवसांत-आठवड्यांत कमी होतात. नसेवरचं आवरण भरून यायला काही महिने लागतात. तुटलेले तंतू मात्र दिवसाला साधारण १ मिमी वाढतात. कोपरापासून पंजाच्या स्नायूंपर्यंत अंतर २५-३० सेंमी, म्हणजे आठ-दहा महिने नुसते पोचायलाच. आणि वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू तंतू पोचल्यावरही फारसा जागा होत नाही. त्यामुळे खड्डा ऑपरेशनच्या बऱ्याच आधीपासून असेल तर तो पूर्ण भरण्याची आशा धरू नये. तिथे नुकसान थांबणं हेच यश.

नस जागेवरच मोकळी केली की कोपराच्या हाडामागून पुढच्या बाजूला सरकवली, यावर लोक फार अडतात. साध्या केसमध्ये दोन्हींचे निकाल जवळपास सारखेच. सरकवण्यात जखमेचे त्रास जास्त. कोपर वाकवताना नस हाडावरून घसरत असेल, तर सरकवण्याला अर्थ आहे.

एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी) पुन्हा पुन्हा करू नका. हात सुधारला तरी कोपराजवळचा वेग कमीच राहू शकतो. त्यापेक्षा दर तीन महिन्यांनी मुठीची आणि चिमटीची ताकद यंत्रावर मोजून लिहून ठेवा.

काळजी कधी करायची? अजिबातच फरक पडला नसेल तर नस अर्धवट मोकळी झाली असेल किंवा मूळ दुखणं मानेत असेल. आधी बरं वाटून पुन्हा सुरू झालं, तर व्रण आवळतोय का, सरकवलेली नस कुठे दुमडली आहे का, हे पाहावं लागतं. व्रणाला हात लागताच करंट बसत असेल तर बहुधा त्वचेची बारीक नस दुखावलेली असते. तो प्रश्न वेगळा. दुसऱ्या ऑपरेशनचा फायदा सहसा पहिल्यापेक्षा कमी, म्हणून तिथे घाई नको.

तोवर झोपताना कोपर फार वाकू देऊ नका, टेबलावर टेकवू नका. बधिर करंगळीला चटका कळत नाही. गरम भांडं दुसऱ्या हाताने तपासा.